सहावा चिंचोका

१४ फेब्रुवारी १९६१, मंगळवार

बैल एकोणचाळीस! मला वाटलं होतं, फार तर वीस.

आमच्या पहिली-दुसरीच्या चौतीस पोरांनी आज अख्खं गाव आणि पलीकडचा तांडा पालथा घातला. दोघादोघांची जोडी, जोडीला पाच घरं, हातात एक मडकं. बैल दिसला की मडक्यात एक चिंचोका. परत आल्यावर शाळेच्या अंगणात सगळे चिंचोके ओतले आणि दहा-दहाचे ढीग केले. ज्या सुदामला तीन आठवड्यांत वीसच्या पुढे जाता येईना, तो आज एकोणचाळीसपर्यंत न अडखळता गेला! मी बघतच राहिले.

सरकारची शिरगणती चालू आहे. आमचे हेडमास्तर वामनराव घरोघर कागद भरत फिरतात. म्हटलं, मोठे मोजतात तर लहानांनी का मोजू नये? आज बैल, परवा झाडं, शुक्रवारी माणसं. पोरांना एकच नियम सांगितला आहे — कोणी सुटायचं नाही.

१६ फेब्रुवारी

झाडं मोजून झाली. पळस फुलला आहे, म्हणून फुलं कुटून रंग केला आणि प्रत्येकाच्या सदऱ्यावर नारिंगी ठिपका लावला. हा ठिपका ज्याला, तो मोजणीदार! तांड्यातली रुपी — मानीबाईची मुलगी, सात वर्षांची, वर्गात तोंड उघडत नव्हती — ती आज लिंबाखाली उभी राहून मलाच म्हणाली, "बाई, तुमी दोनदा मोजलं हे झाड." खरंच मोजलं होतं!

वामनराव दारातून बघत होते. "बाई, आमी सरकारचं काम करून राह्यलो. तुमी त्याचा कायले खेळ मांडता?"

मी हसून वेळ मारून नेली. काय कोरडा माणूस!

१७ फेब्रुवारी

आज माणसं मोजली.

बापूजींचं घर रुपीकडे होतं. बापूजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी. शाळेची जागा त्यांची, मी राहते ती ओसरीच्या टोकाची खोलीही त्यांचीच. त्या घरात माणसं पाच. बापूजी, त्यांची बायको माई, मुलगी विमलताई, बापूजींचे भाऊ देवराव, आणि पाचवी मी. रुपीच्या मडक्यातून चिंचोके निघाले सहा.

"चुकलीस तू. पुन्हा सांग बरं."

तिनं बोटांवर सांगितलं. पाच बोटं झाली. मग दुसऱ्या हाताचा अंगठा. "अन् सरकीच्या खोलीतली बाई."

"कोणती बाई?"

"गोठ्यामागं. खिडकीतून पाहे. म्हणे, काय करतं वं? म्या म्हटलं, मानसं मोजतो. तं म्हणे, मले मोजलं काय? म्या म्हटलं, नाही. तं तिनं हात बाहेर काढला अन् तिनंच टाकला चिंचोका."

मी सात महिने त्या घरात राहते आहे. सात महिने! सरकीच्या खोलीत सरकी असते, एवढंच मला माहीत.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पाहिलं. देवा!

सकाळची शाळा सुटली तेव्हा माई देवळात होत्या. गोठ्याला वळसा घालून मागे गेले. जाड दार, बंद. वर एक वीतभर खिडकी. शेणाच्या उपड्या पाटीवर पाय ठेवून उंच झाले, तर आतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

चेहरा ओळखीचा. ओसरीत ज्या फोटोला हार असतो, तोच! बेबीताई — विमलताईची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी सासरी विहिरीत पडून गेली, असं मी आले त्याच दिवशी माईंनी सांगितलं होतं. डोळे पुसत सांगितलं होतं! मी दर गुरुवारी त्या फोटोला फूल वाहते.

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. मी पाटीवरून पडले. कोपर सोललं, ते खोलीत आल्यावर कळलं.

१९ फेब्रुवारी

माईंनी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. मी अर्धी भाकर तशीच ठेवली. "काहून बाई, बरं नाही काय?" — किती मायेनं विचारतात!

२० फेब्रुवारी

वामनरावांना सांगितलं. वाटलं, हादरतील. ते खडूचे तुकडे डब्यात भरत राहिले.

"पोरीनं चूक मोजलं. फळ्यावर सहा लिहिलं, पुसा ते."

"मी स्वतः पाहिलंय, गुरुजी. जिवंत बाई आहे. कोंडून ठेवलंय तिला!"

"बाई." आवाज चढला नाही. "मी त्या घरी पाच लिहिलं हाये. पाचच राहीन. फळ्यावरचा आकडा पुसा अन् पोराइले दुसरं काही शिकवा."

मीच पुसायला हवा होता? नाही पुसला. त्यांनीच ओल्या फडक्यानं पुसला, माझ्यासमोर. बापूजींचं मीठ खातात, दुसरं काय! मोठ्या घराला हात लावायची हिंमत नाही. पोरांना सांगायचं कोणी सुटायचं नाही, आणि आपण एक अख्खी बाई सोडून द्यायची.

विमलताईकडे तर बघवत नाही. रोज दुपारी माझ्या खोलीत येऊन वेणी घालून घेते. तिला ठाऊक असणारच! ताट तीच नेत असेल. आणि सख्ख्या बहिणीबद्दल एक चकार शब्द नाही!

२२ फेब्रुवारी

बोलले. सगळ्यांसमोर बोलले.

मोजणीवरचे साहेब दिग्रसहून आले. शाळेच्या ओसरीवर बसले, बापूजी, वामनराव, गावातली दहा-पंधरा माणसं भोवती. साहेबांनी कागद चाळले आणि सहज विचारलं, "कोणी राहून तर गेलं नाही ना?"

"राहिलंय," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "बापूजींच्या घरी. त्यांची मुलगी बेबी. मेली म्हणतात, पण जिवंत आहे. मागच्या खोलीत कोंडलीय."

बापूजींचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते हळूच म्हणाले, "बाई पोराइच्या खेळानं येड्या झाल्या जी." दोघं-तिघं हसले. साहेबही हसले, पण वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल.

२३ फेब्रुवारी

काय करून बसले मी! कसं हे आता मागे घेऊ?

दुपारी विमलताई आली. वेणी घालायला नाही. माझं मनगट धरलं आणि ओढत गोठ्यामागे नेलं. दारासमोर उभं केलं.

"कडी पाहा, बाई. कुठं हाये कडी?"

बाहेरून कडी नव्हतीच. कुलूप नाही, कोयंडा नाही, काही नाही! शनिवारी मी फक्त दार बंद आहे एवढंच पाहिलं होतं.

विमलताईनं तीनदा टकटक केलं. कडी आतून निघाली.

बेबीताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. डावा हात खांद्यापासून मोडून वाकडा जुळलेला. चटई, चरखा, पाण्याचा माठ, एक आरसा. तिनं मला बसायला चटई दिली. मला!

सांगितलं विमलताईनंच. जावई पुसदकडचा. बेबीताईला मूल होईना, म्हणून त्याला दुसरी करायची होती. एका पहाटे त्यानं तिला विहिरीत ढकललं आणि ओरडून गाव जमा केलं की पाय घसरला. गावाला प्रेत मिळालं नाही. मिळणार कसं? पाण्यालगत खोल कपार होती. वर तो उभा, म्हणून ती कपारीत दिवसभर दडून बसली आणि रात्री मोटेच्या दोराला धरून वर आली, तुटलेल्या हातानं. दोन दिवस शेताशेतांतून माहेराकडे चालत होती.

"तेरवीले तो इथं आलता," विमलताई म्हणाली. "आमच्या अंगणात पंगत बसली. तो पहिल्या पाटावर. अन् बेबीताई ह्या दाराआड. माई वाढत होती, अन् रडत होती. आमाले रडाचं सोंग कराची गरज नाही पडली."

"पोलिसात का नाही..."

"साक्षीदार कोन? त्याचं घर मोठं. नेली असती परत नांदवाले, अन् मंग? बापूजी म्हनले, मेली असं समजू द्या. मेलेल्या मानसाले कोनी मारत नाही."

मी बेबीताईकडे पाहिलं. विचारलं ते एवढंच — "मग तुम्ही चिंचोका का टाकला?"

ती खाली बघत म्हणाली, "पोरगी म्हने, कोनी सुटाचं नाही. तीन सालात मले कोनी मोजलंच नव्हतं. हात गेला."

२५ फेब्रुवारी

दिग्रसच्या बाजारात कालच बेबीताईचा बोभाटा झाला म्हणे. देवराव दारात कुऱ्हाड घेऊन बसलेत.

२७ फेब्रुवारी, सोमवार

तो आला. बेबीताईचा नवरा.

घरी नाही, सरळ शाळेत आला. पांढरं धोतर, काळा कोट, हसरा चेहरा. एरवी असा माणूस दिसता तर मीच त्याला ओसरीवर बसा म्हणाले असते! पोरांशी गोड बोलला. "तुमी मोजणीदार काय रे? वा! बापूजीच्या घरी किती मानसं?"

पंधरा दिवस मी त्यांना खरं मोजायला शिकवलंय. कमी नाही, जास्त नाही. आणि पोरं आकडा सांगायला किती आतुर असतात!

तो वाकला. "तू सांग, बेटा." रुपीलाच!

रुपीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, श्वाससुद्धा घेतला नाही.

"पाच," रुपी म्हणाली.

"पाच!" मागून सुदाम. मग सगळा वर्ग एका सुरात, पाढ्यासारखा — "पाच! पाच!" कोणी शिकवलं त्यांना? मी नाही! घराघरांत आयांनी सांगितलं असेल, की त्यांचं त्यांनाच समजलं, कोण जाणे.

वामनराव उठले. सरकारी कागद त्याच्यापुढे धरला. "हे पाहा. पाच. माह्या हातचं हाये, खाली सही हाये. ह्या बाई नवीन हायेत, त्याइले भास होते. मेल्या बाईची बदनामी कराले आले काय तुमी?"

त्यानं सहीवरून बोट फिरवलं. मग गेला.

पोरांना सुट्टी दिली. मी भिंतीला टेकून बसले. वामनरावांनी तांब्यातलं पाणी दिलं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"शेताच्या धुऱ्यावर मलेच सापडली थे. पहाटचं बैल जुपून शेतात चाललो होतो. माह्याच खाचर-गाडीत निजवली, वरून कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या, अन् आणली घरी." त्यांनी तांब्या परत घेतला. "पाच लिहाले मलेही बरं नाही वाटलं, बाई. नोकरीच्या तीस सालात कोनाचा पट खोटा नाही लिहिला म्या."

आणि मी त्यांना मीठ खाणारा म्हटलं. याच वहीत. पान फाडावंसं वाटलं, पण नाही फाडलं. राहू दे तसंच.

१ मार्च १९६१, बुधवार

आजपासून शिरगणतीची फेरतपासणी. वामनराव सकाळीच कागद घेऊन बापूजींच्या ओसरीवर आले. रस्त्यावर होळीची लाकडं नेणारी माणसं होती. मागचं दार वाजलं, आणि बेबीताई गोठ्यातून, अंगणातून, सगळ्यांच्या देखत पुढे आली. माई ओरडल्या. ती थांबली नाही.

"माह्यापायी पोराइनं खोटं मोजू नये. सहा लिहा, गुरुजी. त्याले समजू द्या. मी कोर्टात उभी राहीन."

वामनरावांचा टाक हवेत तसाच. मग त्यांनी नाव लिहिलं, वय विचारून लिहिलं. "कुटुंबप्रमुखाशी नातं?" असं म्हणून त्यांनी बापूजींकडे पाहिलं.

रस्त्यावरची माणसं उभी राहिली होती. बापूजी उठले.

"पोरगी हाये माही," ते म्हणाले. मोठ्यानं.