शिट्टीआधी ‘येवा, बसा’

प्रिय शालू,

गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि मी फोनवरचं तुझं विणलेलं कापड बाजूला केलं. टेबलाखालचा काळा डबा वर घेतला, त्याच्या दोन्ही रबरी वाट्या ओल्या फडक्यानं पुसल्या, टीव्हीला जोडलेला संगणक सुरू केला. तू गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. फोन मात्र तुझ्या वेळेला वाजत असे. मी देवासमोर डोळे मिटून बसून राही, आणि तो थकून गप्प होई.

त्या दिवशी मी उचलला.

“वहिनी?” पलीकडून घाटकोपरचे दिघे म्हणाले.

शालू, काही न बोलता मी रिसीव्हर वाट्यांत पालथा घातला, खटका दाबला आणि शिट्टीला पुढे केलं. थोड्या वेळानं टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटली. नेहमीचंच, इंग्रजी अक्षरांतलं मराठी : “वहिनी कुठे आहेत? आज येवा म्हणाल्या नाहीत.”

मी उत्तर दिलं नाही. ते बराच वेळ थांबले. मग “येतो” लिहून गेले.

ते तुला शोधत आले आणि मी त्यांना दारातच उभं ठेवलं. त्या दिवसापासून हे मनातून जात नव्हतं. आज ते निस्तरलं. तुला सांगितल्याशिवाय ते पुरं झालं असं वाटेना, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुझा भाऊ सुधीर मस्कतहून तो संगणक घेऊन आला तो दिवस आठवतो? टॉवेलात गुंडाळलेला, टाइपरायटरच्या निम्म्या उंचीचा. तू तो हातात घेऊन उलटा केलास आणि म्हणालीस, “ह्याचो बाकीचो भाग खंय?” सगळं त्याच्याच पोटात आहे, टीव्ही आपला लावायचा आणि टेपरेकॉर्डरही आपलाच, हे कळल्यावर तू भावाकडे असं पाहिलंस, जणू त्याला दुकानदारानं फसवलंय!

काळा डबा मी आणला, ऑफिसच्या अडगळीतून. आम्ही नकाशे काढणारी माणसं, कुणाला तो नको होता. फोनच्या तारेला काही जोडायची परवानगी नव्हती. पण या डब्याला तार लागतच नव्हती. रिसीव्हर त्याच्या वाट्यांवर पालथा ठेवला की एका वाटीनं ऐकायचं, दुसरीनं शिट्टी घालायची. दोन यंत्रं शिट्ट्यांनी बोलणार आणि त्या शिट्ट्यांची अक्षरं होणार. गावच्या शाळेत ज्यानं पाटीवर ‘ग’ गिरवला त्याला याचं केवढं नवल वाटलं म्हणून सांगू!

“ह्यां करूचां कित्याक?” तू विचारलंस.

मी म्हटलं, “खाली जिन्याजवळ फळा आहे ना, पाणी कधी येणार ते लिहायचा? तसाच. फक्त लोकांनी जिन्यापाशी जायचं नाही, फोन करायचा. ज्याच्याकडे संगणक असेल त्यानं यायचं, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं चार ओळी लिहायचं आणि जायचं.”

“म्हणजे पडवी,” तू म्हणालीस. नाव पडलं ते पडलंच.

प्रोग्राम सुधीरनं आणलेल्या मासिकात छापलेला होता. तू वाचायचीस, मी टाइप करायचो. तुझं इंग्रजी आठवीनंतर सुटलेलं. अक्षरामागून अक्षर, मध्ये स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस पुरा. पाढे म्हटल्यासारखी एका चालीत वाचत होतीस. पुढे पुढे मला त्या चालीतला अर्थ शोधावासा वाटेना. नुसता आवाज ऐकत बोटं चालत होती. खिडकीतून मार्व्याकडचा खारा वारा यायचा. मालाडच्या दोन खोल्यांत बसून आपण कुठली तरी पोथी उतरवून घेतोय असं वाटायचं.

रविवारी मात्र शेजारचे सगळे आपल्याकडे जमायचे. “काका, ती अक्षरं काढा हो, देवांची मालिका सुरू होईल!” मग आपली पडवी बंद आणि रामराया चालू. आपण दोघंही हात जोडून त्यांच्यातच बसायचो.

पहिला फोन अंधेरीच्या डॉक्टरचा. मी रिसीव्हर उचलून काही न बोलता वाट्यांत ठेवला, शिट्टी सुरू केली. तू माझ्यावर किती चिडलीस!

“दारात इलेल्या माणसाक आधी येवा म्हणूक होया. शिट्टी काय मारतास? तो काय बकरो आसा?”

“अगं, पलीकडेही यंत्रच ऐकतंय.”

“यंत्र कोणी लावल्यान? माणसानच ना?”

मी रिसीव्हर तुझ्या हाती दिला. मी ऑफिसला गेलो की पडवी तुझ्याच ताब्यात. फोन वाजला की तू उचलणार, “येवा, बसा” म्हणणार आणि मग रिसीव्हर हलकेच वाट्यांत निजवणार. डॉक्टर कोल्हापूरकडचा. त्याला आधी वाटलं हा काहीतरी सांकेतिक शब्द आहे, तो उलट म्हटल्याशिवाय आत घेत नाहीत! म्हणून तोही बिचारा मोठ्यानं “येवा, बसा” म्हणायचा. तू मला हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होतीस.

मनोरीहून मासळी घेऊन येणारी ताराबाई तर एकदा टोपली डोक्यावर घेऊन तशीच ताटकळली. “बाय, मी दारान उभी, आनि तू त्या काल्या डब्याला येवा म्हनतेस?” त्यानंतर तू आधी तिला बसवू लागलीस, मग डब्याला.

आणि दसऱ्याचा तो गोंधळ! तू शस्त्रांबरोबर डब्याचीही पूजा केलीस. हळदकुंकू, झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी जो येईल त्याच्या पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं. मी संध्याकाळी येऊन प्रोग्राम तपासतोय, टेप पुन्हा लावतोय, तू अपराध्यासारखी दारात उभी. शेवटी सापडलं काय? वाटीच्या तळाशी चिकटलेली झेंडूची एक पाकळी! मी काढायला गेलो तर म्हणालीस, “निर्माल्य आसा, केरात टाकू नकात.” ती तुळशीत गेली.

तशीच अक्षरं कुकरच्या शिट्टीनंही यायची. रबरी वाट्या कितीही घट्ट बसल्या तरी स्वयंपाकघर तीन पावलांवर. दिघे इमानानं काही लिहीत असायचे आणि मध्येच चिन्हांची एक ओळ धावत जायची. मग ते लिहायचे, “वहिनी, भात झाला.” तू उठून गॅस बंद करायचीस. घाटकोपरला बसलेला माणूस मालाडच्या भाताकडे लक्ष ठेवतोय! ज्यांचा चेहराही आपण पाहिला नाही त्यांना आपला भात कधी होतो ते ठाऊक होतं. मला हे तेव्हाही स्वप्नासारखं वाटायचं. आता तर जास्तच.

तुला धाप लागायची ती कशानं, ते आम्हाला कुणाला कळलं नाही. विचारलं तर म्हणायचीस, “जिनो चढान इलंय, आणि काय?” घरात बसून लागायची तेव्हा कुठला जिना चढायचीस गं? एवढं एक मला सांगितलं असतंस तर!

तू गेल्यावर सगळे येऊन गेले. सतरंजीवर बसले, गप्प राहिले, उठले. आपल्यात अशा घरी आलेल्याला कुणी ‘या’ म्हणत नाही आणि जाणारा ‘येतो’ म्हणत नाही. दिवस झाले, सुतक फिटलं, मी ऑफिसला जाऊ लागलो. पण पडवीवर येणाऱ्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते काम माझं होतं. आणि फोन उचलला की ते मला तोंडानं सांगावं लागणार होतं. म्हणून तिथलं सुतक तसंच राहिलं. फोन वाजत राहिला.

परवा सुधीर आला. रजेवर आहे. त्यानं पिशवीतून एक पांढरा डबा काढला.

“भावोजी, त्या काळ्या डब्याची आता वाट लागलीय. हा बघा. हा स्वतःच फोन उचलतो, स्वतःच शिट्टी देतो. तुम्ही ऑफिसात बसा, इकडे पडवी दिवसभर चालू. झकास!”

“परवानगी?”

“मिळवू ना. अर्ज करू.”

“आणि बोलणार कोण?”

“बोलायचं कशाला? यंत्र यंत्राशी बोलेल.”

“तुझी ताई असती तर तुला या डब्यासकट परत विमानात बसवलं असतं.”

तो हसला. मग त्याचा चेहराच पडला. जाताना हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला कुणाशी बोलायला लागू नये.” भाऊ तुझाच. बरोबर तिथं बोट ठेवलं.

खरं सांगतो, मोह झाला. किती सोपं होतं! दिघे आले असते, शिट्टी झाली असती, त्यांनी चार ओळी वाचल्या असत्या, गेले असते. तू आहेस की नाहीस हे कुणाला कळलंच नसतं. मला एकदाही म्हणावं लागलं नसतं की ती गेली. आणि कुठे तरी, घाटकोपरला म्हण, अंधेरीला म्हण, तू अजून भात लावत राहिली असतीस.

काल संकष्टी होती. संकष्टीला मी सगळे उपचार करतो, ते तुला माहीत आहे. हातात अक्षता घेतल्या, आवाहन केलं, आसन दिलं आणि हात तिथंच थांबला. लहानपणी गावच्या भटजींनी शिकवल्यापासून हे करतो आहे, आणि कधी ध्यानात आलं नव्हतं. देवालासुद्धा आपण सगळ्यात आधी काय म्हणतो? ये. मग म्हणतो, बस. पाणी, फूल, नैवेद्य, सगळं त्यानंतर. तू त्या फोनवर रोज तेच करत होतीस की! मी इकडे चांदीच्या ताम्हनात करत होतो, आणि तू रबरी वाटीपाशी. तुझं जास्त खरं होतं असं आता वाटतं, कारण तुझ्याकडे येणाऱ्याला उत्तर देता येत होतं.

आज सकाळी मालिकेचा भाग संपला. शेजारी हल्ली ती वरच्या मजल्यावर पाहतात. खालचा रस्ता पुन्हा बोलू लागला. मी तांदूळ धुऊन कुकर लावला, संगणक सुरू केला, टेप चढवली. फोन वाजला.

मी म्हटलं, “येवा, बसा.”

आवाज माझाच, पण मलाच अनोळखी वाटला. दिघ्यांनी विचारलं,

“तुम्ही कोण? आणि वहिनी?”

“मी वसंत, तिचा नवरा. ती गेली हो. श्रावणात. तुम्हाला कळवायला हवं होतं.”

मग ते म्हणाले, “रोज विचारायच्या मला, जेवलात का म्हणून. माझी मंडळी गेल्यापासून तेवढं एक विचारणारं माणूस होतं.”

शालू, तू मला हे कधी बोलली नाहीस! मला वाटायचं, तू नुसतं ‘येवा, बसा’ म्हणून रिसीव्हर ठेवतेस. त्या दोन शब्दांच्या मागे तुझं एवढं घर होतं?

“बसता का थोडं?” मी विचारलं.

“बसतो.”

मी रिसीव्हर वाट्यांत ठेवला. शिट्टी झाली, पडद्यावर पडवीचं नाव आलं. आणि दिघ्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला. मी या बाजूला, ते त्या बाजूला. सतरंजीवर बसतात तसे आम्ही दोघं बसलो होतो. पुष्कळ वेळानं ते उठले. रोज न चुकता ‘येतो’ लिहिणारा माणूस, आज नुसता फोन ठेवून गेला. मी समजलो.

त्यांनीच डॉक्टरला कळवलं असणार. एका वेळी एकच जण येऊ शकतो आपल्याकडे, जागाच तेवढी. थोड्या वेळानं फोन वाजला. मी “येवा, बसा” म्हटलं. डॉक्टर सवयीनं “येवा, बसा” म्हणाला. “काका, ठेवा वाटीत,” एवढंच म्हणाला. तोही काही न लिहिता बसला.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पडद्यावर ती जुनी वेडी ओळ धावत गेली, इकडून तिकडे. मी तिच्याकडे पाहत राहिलो. उठायचं सुचलंच नाही. मग त्या ओळीखाली एकेक अक्षर येऊ लागलं.

“भात झाला, काका. गॅस बंद करा. जेवून घ्या.”

मी उठलो, गॅस बंद केला. परत आलो तर खाली आणखी एक शब्द होता : “येतो.”

सुतक फिटलं गं. पडवीचंही.

सुधीरचा पांढरा डबा त्याच्या पिशवीत घालून दाराशी ठेवला आहे. संध्याकाळी तो येईल तेव्हा देईन, आणि रागावणार नाही. यापुढे रोज पूजेनंतर, ऑफिसला निघेपर्यंत, आपली पडवी उघडी राहील. वेळ तुझ्याएवढा मला देता येणार नाही. पण जो कुणी येईल त्याला शिट्टीच्या आधी माणसाचा आवाज ऐकू येईल, आणि दिघ्यांना मी जेवलात का हे रोज विचारीन. हे तुला वचन.

भात वाढून घेतो. निवतोय.

तुझ्या पडवीवर बसलेला,
वसंत