अंदाजानं दिलेलं उत्तर

गुरुवार, धाराशिव.

सकाळी सहाला उठले. नळाला पाणी आलं होतं, भरून घेतलं. आईला गोळी दिली. नऊला लॅपटॉप उघडला. दोन मीटिंगा झाल्या, तिसरी रद्द झाली. आज संध्याकाळी पाचपर्यंत एक यादी लागणार आहे आणि तिच्यात माझं नाव आहे की नाही ते मला कळणार आहे. तोवर कामात लक्ष लागणार नाही हे दुपारीच कळून चुकलं, म्हणून वही घेऊन बसले आहे.

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहितेय. आपण दोघं तसे बोलणारे नव्हतोच. तुम्ही दिवसभर कळंबच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागं बसून बोलायचात आणि घरी येईपर्यंत तुमच्याकडचे शब्द संपलेले असायचे. माझ्याकडं ते आधीपासूनच कमी. पण आज कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि आईला सांगून झालंय. यादीत नाव आलं तर पगार वाढतो का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं. मग शाल-नारळ तरी? तेही नाही, एक पत्र येतं आणि वर्षभर नावापुढं लावायला एक चिन्ह मिळतं. ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुज्या बापाचं बी असंच व्हतं. फुकटच्या कामात लई जीव."

माझं काम काय आहे ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते आणि कुणी विचारलं की तुम्ही "कॉम्प्युटरात हाय" एवढंच सांगायचात. आज सांगून बघते. एक मोठा, ताकदवान संगणक असतो. त्याच्यावर एक सॉफ्टवेअर टाकलं की त्या एकाचे वीस-तीस संगणक करता येतात. गाडी एकच, पण आत बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की ही आपल्या एकट्यासाठीच सुटली आहे. आणि त्या सगळ्यांचं सामान एका वेगळ्या जागी, डिस्कांच्या कपाटांत ठेवलेलं असतं. गाड्या चालू ठेवायच्या आणि सामान हरवू द्यायचं नाही, हे माझं काम. कंपनी पुण्याची आहे, पण मी इथं घरी बसून करते.

हे काम करणारी माणसं जगभर पसरलेली आहेत आणि त्यातली बरीचशी माझ्यासारखी एकेकटी बसलेली असतात. काही अडलं की ती इंटरनेटवर एका ठिकाणी येऊन विचारतात, आणि ज्याला माहीत असेल तो उत्तर देतो. कुणी कुणाचा साहेब नाही. मी नऊ वर्षं तिथं उत्तरं देतेय, जेवण झाल्यावर दुपारची पहिली मीटिंग सुरू होईपर्यंत. तिथं फोटो लावलेला नाही, नावाची दोनच अक्षरं आहेत, त्यामुळं लोक मला सर म्हणतात. ब्राझीलमधला एक जण भाऊ म्हणतो. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. दरवर्षी अशा उत्तरं देणाऱ्यांतून काही जण निवडले जातात. वर्षभरात काय केलं ते आपणच अर्जात लिहायचं आणि आधीच निवडलेल्या कुणीतरी शिफारस करायची. माझी शिफारस सोलापूरचे एक सर करतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत, एका बँकेचं स्टोरेज, म्हणजे तीच डिस्कांची कपाटं, सांभाळतात, आणि आम्ही दोघं अजून समोरासमोर भेटलेलो नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा गोड शब्दांत नकार आला. हा तिसरा.

दुपारभर मला तुमची ती खिडकी दिसतेय. मी चौथीत असेन. शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन स्टँडवर यायचं आणि तुमचं जेवण होईपर्यंत आत स्टुलावर बसायचं. त्या दिवशी तुम्ही फलाटावर कुठल्याशा कंडक्टरशी बोलत उभे आहात. येडशीवरून जाणारी उस्मानाबादची गाडी लागलेली आहे, खच्चून भरलेली. हातात बोचकं घेतलेली एक म्हातारी खिडकीपाशी वाकते आणि मला विचारते, मला येडशीला रेल्वे धरायचीय, मागून दुसरी गाडी हाय का गं? मला अभिमान वाटतो की कुणीतरी मला विचारलं. मी म्हणते, आहे, पाच-दहा मिनिटांत रिकामी येते. रोज यायची ती. म्हातारीनं भरलेली गाडी समोरून जाऊ दिली आणि बाकावर बसली. मागची गाडी त्या दिवशी सुटलीच नव्हती.

अर्ध्या तासानं तुमच्या लक्षात आलं. तुम्ही आवाज चढवला नाही. हात धुऊन आलात आणि विचारलंत, "तुला ठाव व्हतं का?"

"रोज येते ना," मी म्हणाले.

"तिनं रोजचं न्हाय इचारलं. आजचं इचारलं. ठाव नसंल तर ठाव न्हाय म्हनावं. अंदाजानं कुनाला थांबवायचं न्हाय."

एवढ्यावर सुटले असं मला वाटलं. पण तुम्ही माइक ओढलात आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, गाड्या सांगता त्याच आवाजात सांगितलंत की येडशीकडं जाणाऱ्या प्रवाशांना या खिडकीवरून चुकीची माहिती दिली गेली आहे, पुढची गाडी साडेपाचला आहे, कुणी थांबू नये. पुन्हा एकदा तेच. सगळे खिडकीकडं बघायला लागले. कँटीनवाल्यानं तिथूनच टोला हाणला, "सायेब, आजवर गाड्याच लेट व्हत्या, आता खबर बी लेट व्हय?" लोक हसले. तुम्हीही थोडं हसलात. मी टेबलाखाली जाऊन बसले होते. मग तुम्ही स्वतः जाऊन म्हातारीला येरमाळ्याच्या जीपमध्ये बसवून आलात. तिची रेल्वे चुकली की मिळाली ते आपल्याला कधीच कळलं नाही. मला वाटतं, तुम्हाला त्याचंच जास्त लागलं होतं.

गेल्या वर्षी मी तेच केलं, अण्णा. एका दूरच्या देशातल्या शाळेचे संगणक सांभाळणाऱ्या माणसानं विचारलं की डिस्क भरली आहे, सगळं बंद पडलंय, इथं जुन्या स्नॅपशॉटच्या फाइली दिसतायत, त्या पुसू का? स्नॅपशॉट म्हणजे संगणकाची एका क्षणाची स्थिती धरून ठेवणं. ती धरून ठेवली की पुढचं सगळं नवं काम एका वेगळ्या फाइलीत साठत जातं. नाव जुन्या तारखेचं दिसतं, पण आत ताजं काम असतं. हे मला माहीत आहे. मी हे दुसऱ्यांना शिकवलंय. नेहमी मी आधी दोन प्रश्न विचारते आणि मगच उत्तर देते. त्या दिवशी मीटिंगला चार मिनिटं उरली होती, असे प्रश्न रोज येतात, आणि मी लिहिलं, हो, जुन्या असतील तर पुसा. त्यानं पुसल्या. तीन आठवड्यांचे मुलांचे मार्क गेले. मास्तरांनी कागदांवरून ते सगळे परत भरले असं त्यानं नंतर कळवलं. रागावला नव्हता, आणि त्यामुळंच फार वाईट वाटलं.

मी माझ्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं की हे उत्तर चुकीचं आहे, मी न विचारता अंदाजानं दिलं, त्यामुळं एका शाळेचं काम गेलं, तुमची डिस्क भरली असेल तर फाइलीला हात लावण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा: ही फाइल आत्ता वापरात आहे का, आणि हिची दुसरी प्रत कुठं आहे का. मी तिथं जे काही लिहिलंय त्यात आता हेच सगळ्यात जास्त वाचलं जातं. या वेळच्या अर्जात मी ते पहिल्या क्रमांकावर टाकलं. सोलापूरच्या सरांनी फोन केला. म्हणाले, "मॅडम, बायोडाटाला कुणी स्वतःच्या अपघाताचा फोटो लावतं का?" मी म्हटलं, राहू द्या सर. ते म्हणाले, "तुम्ही बोलत नाही तर नाही, आणि बोलता तेव्हा असं बोलता." पण शिफारस त्यांनी केली.

चार वाजून दहा मिनिटं झालीत. अजून काही नाही.

नाव यावं असं मला इतकं का वाटतंय, याचा सकाळपासून विचार करतेय. तुम्हाला तेरचं ते लग्न आठवतं का? पंगतीत आपण पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन ओळींत होतो. तुम्ही वाढप्याला एवढंच म्हणालात की इकडं वरण येऊ द्या. मागच्या ओळीतला एक शेतकरी भाकरी हातात तशीच धरून वळला. "तुमी कळंबच्या ष्टँडवर बोलता न्हवं का? वीस वर्सं झाली ऐकतुया, तोंड आज बघितलं." त्यानं उठून तुमचा हात धरला, शेजारच्याला दाखवलं, आणि मग चार-पाच जण जमले. कुणाला तुमच्यामुळं दवाखान्याची गाडी मिळाली होती, कुणाला परीक्षेची. तुम्ही मान खाली घालून वरण कालवत होतात. पण परतीच्या गाडीत तुम्ही माझ्याशी, म्हणजे माझ्याशी, येरमाळा मागं पडेपर्यंत बोलत होतात. तुम्हाला इतकं खूश मी परत कधी पाहिलं नाही. तुम्हाला बक्षीस नको होतं. खिडकीपलीकडच्या माणसांना आत कुणीतरी आहे हे माहीत होतं, एवढं कळणंच पुरेसं झालं होतं.

आलं. आलंय, अण्णा. पाचला बारा कमी असताना मेल आला. पहिलाच शब्द अभिनंदन आहे. मी खुर्चीवरून उठले आणि कुठं जायचं ते न कळून परत बसले. अक्षर बघा कसं आलंय. यादी उघडून पाहिली, नाव आहे, पूर्ण नाव, आडनावासकट. आईला जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, "आता तरी लोक बाई म्हनतील का?" आणि देवापुढं साखर ठेवली. तेवढ्यात सोलापूरहून फोन. सर इतक्या मोठ्यानं बोलत होते की आईलाही ऐकू गेलं. निवडणाऱ्यांतल्या एका बाईंशी त्यांचं बोलणं झालं होतं. त्या बाईंनी माझं ते खोडलेलं उत्तर पूर्वी कधीतरी कामाच्या घाईत वाचलं होतं आणि त्यामुळं त्यांच्या हातून एक डिस्क वाचली होती. सर म्हणाले, पुण्यात आपल्या लोकांचं संमेलन आहे, तिथं तुम्ही वीस मिनिटं बोलायचं, याच विषयावर, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही. दरवर्षी मी नाही म्हणते. आज हो म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की त्यांनीच विचारलं, नक्की ना?

ब्राझीलच्या त्या भावाचंही दोन ओळींचं पत्र आलंय. तो म्हणतो, नाव आज कळलं, पण तुमचं उत्तर कुठलं ते मी नाव झाकूनही ओळखतो, आधी दोन प्रश्न असतात. हे मी चार वेळा वाचलं. कुणाला सांगू नका.

आणि आता एक गोष्ट, जी तिथं कुणालाच माहीत नाही. त्या शाळेच्या माणसाचं कळल्यावर मी रेघ लगेच मारली नव्हती. आधी मी ते उत्तर काढून टाकलं होतं, सगळंच. तिथं तशी सोय आहे, एक बटण दाबलं की ते कुणालाच दिसत नाही. दुपारी काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणलं. मधल्या त्या वेळात कुणी तोच प्रश्न घेऊन आलं असेल आणि त्याला काहीच मिळालं नसेल, तर ते मला कधी कळणार नाही. सगळे मला प्रामाणिक म्हणतायत आणि मी धन्यवाद म्हणतेय. पुण्यात बोलताना हे सांगेन असं आत्ता वाटतंय. सांगेनच, असं लिहीत नाही. ते मला ठाव नाही.

ही पानं टपालात टाकायची नाहीत. वही ड्रॉवरमध्ये ठेवते. आई जरा आडवी झाली आहे. वर गच्चीवर ज्वारी वाळत घातलीय, ऊन उतरलं, ती पोत्यात भरून घेते.