थोरलीची पत्रिका

मंगळवार, फेब्रुवारी २००४, नाशिक

आज डोकंच फिरलं. सॉफ्टवेअर कंपनीने जुना मराठी फॉन्ट बंद करून नवा आणला, आणि त्यात माझ्या छपाईच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या जुन्या लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! आम्हाला कोणी विचारलं? फोन केला तर म्हणे, सगळं पुन्हा टाईप करा.

नेमके आमचे फुलवाले अण्णा धाकट्या लेकीला घेऊन आले. "हिच्या लग्नाला थोरलीचीच पत्रिका काढा, नावं तेवढी बदला." मी चौकोन दाखवले. अण्णांचा चेहरा उतरला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटी मात्र हसली. "बरं झालं, काकू. फ्रॉक ताईचे, सायकल ताईची. पत्रिका तरी माझी होऊ द्या."

कंपनीवरचा राग आहेच. पण ते चौकोन मी पुसले आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"

इतकी वर्षं मी तिला थोरलीची बहीण म्हणूनच ओळखत होते.