गाडीचा कान आणि मामंजींची वादी

मी सगुणा, नवऱ्याचं नाव महिपत रावजी उतेकर (तोंडानं घेत नाय, कागदाला लागतं म्हणून लिवलं), वय चोवीस, राहणार पोलादपूर, शिकलेली मराठी तिसरी. डोकं ठिकाणावर हाय. कुणी धाक घातला नाय. भ्याले हाय म्हणून लिवते. माझ्या मागं माझ्या जिनसांचं आणि माझ्या पोरीचं काय करायचं ते ह्यात हाय, तसंच करावं.

कारण असं, का मला आठवा सरलाय आणि पोटात पोर आडवं हाय. बनुबाई सुईणीनं तीनदा हात फिरवून बघितलं. म्हणाली, "ह्ये माझ्या हातचं नाय गो. कळा यायच्या आधी महाडच्या दवाखान्यात जाऊन पड." माझी थोरली बहीण चंद्रा अशीच अडली होती. डोंगरावरच्या कुडपण गावातनं डोलीत घालून खाली आणेतो वाटेतच गेली. तिला गाडी नव्हती. मला हाय. पण त्या गाडीचं काय झालंय ते पाचव्या कलमात लिवते.

कलम १. माझी पोर तुळजी, वय चार. तिला माझ्या आयसकडं धाडू नये, बापसाजवळच ठेवावी. ती बापाशिवाय जेवत नाय. तिचे केस मामंजींनी विंचरू नयेत. बैलाला खरारा केल्यागत करतात, पोर रडते.

कलम २. माझं डोरलं तुळजीचं. चांदीची जोडवी पण तिचीच. माझा पितळेचा हंडा नणंद रंगूबाई "दोन दिस दे" म्हणून घेऊन गेली, त्याला पाच वर्षं झाली. तो मी तिला दिला. कुणी मागू नये. पण तो मी दिला, तिनं घेतला नाय, एवढं तिला मोठ्यानं वाचून दाखवावं.

कलम ३. ह्यांनी वरीस झाल्यावर दुसरी बायको करावी. एकट्यानं ह्यांच्यानं भात पण शिजत नाय. मात्र बाई अशी बघावी का तिला गाडी लागत नाय. वळणावळणावर ओकणारी आणली तर हे तिला घरीच ठेवतील, आणि मंग गाडीखाली नट आवळायचे पाने कोण देणार?

कलम ४. पान्यांची पिशवी मी माझ्या जुन्या लुगड्याची शिवलीय. पान्यांवरचे नंबर मला वाचता येतात, तिसरीचा तेवढा उपेग झाला. हे गाडीखालनं हात काढतात, मी नंबर बघून पाना देते. तुळजीला ते आकडे शिकवावे. बाईमाणसानं गाडीखाली जाऊ नये म्हणतात. मी गेलेय, काय बिघडलं नाय.

कलम ५. गाडी ह्यांची हाय, पण तिच्यात माझ्या पाटल्या गेल्यात, म्हणून मला बोलायचा हक्क हाय. मामंजींचे बैल पण गेले. ते विकून ह्यांनी महाडच्या एका डॉक्टरची जुनी मोटार घेतली, भाड्यानं चालवायला. दोन वर्षं मामंजी तिच्यात बसले नाय. महाडला पायी जायचे.

चैतात मागचा शॉकप सुटला. शॉकप म्हणजे मागच्या चाकाजवळची जाड नळी, खड्ड्याचा दणका गिळते. ती वर ज्या लोखंडी कानाला अडकवलेली असते, तो उजवीकडचा कान गंजून तुटला. गाडीचं मागचं अंग उडायला लागलं आणि ठक-ठक वाजायला लागलं. तवा मामंजी आपणहून उठून आले. बैलगाडीचा सांधा बांधतात तशी ओली चामड्याची वादी त्यांनी तुटल्या कानाला आवळली. म्हणाले, "सुकली का लोखंडाला ऐकायची नाय." दुसऱ्या दिशी पहिल्यांदा गाडीत बसले, पुढं, पटका बांधून. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं ते मी बघितलं.

उन्हाळाभर वादी टिकली. थोडी ठक-ठक राहिली, तेवढीच. पण आता पाऊस लागला, खाली सगळं पाणीच पाणी. वादी भिजून शिजल्या दोडक्यागत मऊ होते नि सरकते. मामंजी दर आठवड्याला आणखी दोन वेढे घालतात. शनवारी भाड्याला बसलेल्या गुरवाचं डोकं टपाला आपटलं. तो म्हणाला, "महिपत, भाडं मोटारीचं घेतोस का घोड्याचं?"

मी ह्यांना म्हटलं, "वादी काढा आणि महाडला कुशाबा मिस्त्रीकडनं नवा कान बसवून आणा."

"माझ्या आबांनी बांधलीय गो. कशी कापू?"

"मंग मला न्यायची कशी?"

"हळू नेईन."

"खड्डा काय हळू येतो?"

ह्यांचा हात त्या वादीला लागायचा नाय. म्हणून माझी शेवटची इच्छा ही, का ती वादी मामंजींनी आपल्या हातानं कापावी. मी मेल्यावर कापू नये, आधी कापावी. मेल्यावर मला डोली पण चालेल.

मामंजींना मी ह्या कागदात काय देत नाय. ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाय असं शाळेचे मास्तर म्हणाले, आणि मला मामंजींची साक्ष पायजे.

एवढं सोमवारी दुपारी मी ओटीवर वाचून दाखवलं. आता बुधवारी पुढचं लिवते.

पाचवं कलम ऐकून मामंजी माझ्याकडं वळले. मंग म्हणाले, "वादी सरकते हे तुला कुणी सांगितलं?"

"मी खाली जाऊन बघितलं, मामंजी."

"असल्या पोटानं?"

"व्हय."

ते उठले. कोयता घेतला, चिखलात पाठ टेकून गाडीखाली गेले. हे नुसते उभे. वादी कापून आणली ती टाकली नाय, गुंडाळून खुंटीला अडकवली. म्हणाले, "उन्हाळ्यात चालली ना?"

"चालली, मामंजी. चांगली चालली."

काल दोघं बापलेक रिकामी गाडी हळूहळू महाडला घेऊन गेले. कुशाबा म्हणाला, तुटला कान नुसता डाग देऊन सांधला तर भागायचं नाय, भोवतीचा पत्रा सडलाय. त्यानं सडका पत्रा कापला, जाड लोखंडी पट्टी बसवली, मंग तिच्यावर कान जोडला. डावा कान धड दिसत होता, तो पण बदलला. एक तुटला का सगळा भार दुसऱ्यावर पडतो म्हणाला. मामंजी तीन तास उकिडवे बसून बघत होते. शेवटी विचारलं, "आणि पाऊस लागला तर?" कुशाबा म्हणाला, "लागू दे."

उद्या सकाळी आम्ही निघणार. मी भ्यालेली हाय ती हायच. पण खड्ड्याला नाय.

कलम ६. हे कलम नवीन. गाडी आता वाजत नाय. तुळजी ठक-ठक ऐकून रस्त्याला पळायची. काल ती दारात बसूनच राहिली, बाप एकदम पुढ्यात आला तशी दचकून रडली. म्हणून मला दवाखान्यात ठेवून हे परत येतील तवा, आणि त्याच्या पुढं रोज, गावच्या पुलाजवळ भोंगा वाजवावा, म्हणजे पोरीला कळेल.

मी बरी होऊन परत आले तर हा कागद चुलीत घालावा, रंगूबाईचं कलम तेवढं फाडून ठेवावं. आणि त्या दिशी पुलाजवळ ह्यांनी भोंग्याला हात लावू नये. मी वाजवीन. घर येईतो वाजवीन.

सही: सगुणा महिपत उतेकर

साक्षी:
१. बनुबाई सुईण, डाव्या हाताचा अंगठा
२. रावजी भागोजी उतेकर, डाव्या हाताचा अंगठा (मामंजी आताच गाडीचे नट आवळून आले. हाताला काळं वंगण होतं, अंगठा त्याचाच उठवला, शाईची गरज लागली नाय.)

पोलादपूर, बुधवार, तारीख ११ जुलै १९६२