गाऊ नको, नीट बोल

माय, तू गेलीस तेव्हा मी तुला 'आई' म्हणत होते. 'माय' म्हणणं मी पाचवीतच सोडलं होतं, सिस्टरांच्या बोर्डिंगात. पहिल्याच आठवड्यात जेवताना मी "मले पानी पाहिजे" म्हणाले आणि सिस्टरनी पाण्याचा जग हातातच धरून ठेवला. आधी पूर्ण वाक्य, शुद्ध भाषेत, मग पाणी. सगळ्या मुली घास थांबवून बघत होत्या. तिसऱ्या वेळेस जमलं. सुटीत जळगाव जामोदला आले की मी चुलीजवळ बसून तुझे शब्द सुधारायचे. तू भाकरी थापता थापता हसायचीस. "हाव वं बाई, 'मले' नाही, 'मला'. आता जेवतं का शाळाच भरवतं?" आणि शेजारणीला सांगायचीस, "माही पोरगी मले धडे देऊन राह्यली." त्यात तुला काही लागत असेल, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मग तुला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी तुला बुलढाण्याला माझ्याकडे आणलं, मागच्या खोलीत पलंग टाकला. मी तेव्हा इंग्रजी शाळेत शिकवत होते, तुलाही शिकवीन असं वाटलं. महिनाभर तुझ्या तोंडून नुसता 'अं' निघायचा. आणि एका दुपारी, चैत्राच्या उन्हात, तू भुलाबाईच्या गाण्याची चाल धरलीस. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आळीतल्या पोरी घरोघर गायच्या, त्यातली. शब्द मात्र त्या गाण्यातले नव्हते. "पानी दे वं, मले पानी दे वं." अगदी स्पष्ट.

मी पाणी घेऊन आले, पण दिलं नाही. पेला हातात धरून उभी राहिले. "गाऊ नको, नीट बोल. म्हण, 'मला पाणी दे.'" तू ओठ हलवलेस, शब्द आला नाही. तू पुन्हा चाल धरलीस. मी पुन्हा म्हणाले, "गाणं नाही. बोल." तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा पेला दिला. हे एकदा नाही, रोज. तुझ्या भल्यासाठी चाललंय असं मी स्वतःला सांगायचे. समोरची बाई फाटकातून हसत विचारायची, "काऊन वं मॅडम, म्हातारीले भुलाबाई लागली का?" हे, तुझे जावई, जेवताना म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, भादव्याला अजून पाच महिने आहेत." आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. हळूहळू तू गाणं कमी केलंस. मी त्याला सुधारणा समजले. दोन वर्षांनी तू गेलीस, त्याआधीचे कितीतरी महिने तू काहीच मागितलं नव्हतंस.

आता ऐक. यंदा यांना तोच आजार झाला. तेच उजवं अंग, तीच मुकी जीभ. 'अरे' एवढा एकच शब्द राहिलाय. दर गुरुवारी दवाखान्यात एक मुलगी येते, वाचा गेलेल्यांना बोलतं करायला. माझ्या मुलीहून लहान. पहिल्याच दिवशी तिनं यांचा डावा हात हातात घेतला, त्यावर सावकाश ठेका धरला आणि म्हणाली, "काका, बोलायचं नाही. गायचं." मी विचारलं, "का?" तर म्हणाली, "काकू, बोलण्याची वाट बंद झाली तरी पुष्कळांची सुराची वाट उघडी असते. शब्द त्या वाटेनं आणायचे. अडवायचं नाही, घाई करायची नाही. जे मागतील ते लगेच द्यायचं."

तिनं आरती म्हणून पाहिली, सिनेमातली दोन गाणी म्हणून पाहिली. हे गप्प. मग तिसऱ्या गुरुवारी यांनी स्वतःच चाल धरली. तुझी. टीव्हीच्या आवाजाखालून महिनोन्महिने जी ऐकली, ती यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. "चहा दे... चहा दे..." मुलगी टाळ्या वाजवून म्हणाली, "वा काका! कोणाची हो ही चाल?" यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं, माय. आता रोज सकाळी हे तुझ्या चालीवर चहा मागतात आणि मी लगेच देते. सोबत गातेसुद्धा. समोरची बाई फाटकात थांबून म्हणते, "मॅडम, तुमची लय सेवा आहे हो." मला तिला फाटकाबाहेर ढकलावंसं वाटतं.

मागच्या गुरुवारी मी त्या मुलीला तुझ्याबद्दल सांगितलं. ती माझा हात धरून म्हणाली, "काकू, तेव्हा इथे कोणाला माहीत होतं? तुम्हाला कळलंच नव्हतं, त्यात तुमचा काय दोष?" मी मान डोलावली. पदरानं डोळेही पुसले.

हे पत्र कुठे टाकू? पत्ता म्हणून मला अजून जळगावचंच घर आठवतं, आणि तिथे आता दुसरेच लोक राहतात. पण त्या मुलीपुढे जे बोलले नाही ते लिहिते. तू नुसतं पाणी मागत नव्हतीस. दुपारी पलंगाचा कठडा धरून तू गायचीस, "मले घरी ने वं, मले माह्या घरी ने." परगावी नोकरीला असलेल्या दादाचा फोन आला की मी सांगायचे, काहीतरी बडबडते, अर्थ नाही त्याला. अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला होता. तुला जळगावला नेलं असतं तर तू परत आली नसतीस, आणि शाळा सोडून मला तिथे राहावं लागलं असतं. म्हणून मी ते नुसतं गाणं ठरवलं.