खिडकीकडचं पॉकेट

३ मार्च
आज ठरलं. बोगद्याचं तोंड चार तुकड्यांत, मध्ये तात्पुरत्या भिंती घालत खोदण्याची रड बंद. यापुढे आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. मोठं यंत्र थेट आत, वेग दुप्पट. पद्धत बदलण्यातली जोखीम सांगणारा अहवाल माझा. पानं ८६. निष्कर्ष: जोखीम किरकोळ. पाच तज्ज्ञ आले होते. जोखमीला गुण देण्याचे तक्ते मीच वाटले, सोयीसाठी पेन्सिलीने फिकट आकडे घालून. चहा निवायच्या आत सह्या झाल्या. उपमुख्य अभियंत्याची खुर्ची आता माझीच.
संकल्प: नम्र राहणे.

९ मार्च, दुपार
जेवणाच्या सुट्टीत मू-मावशींच्या बिलियर्ड पार्लरमध्ये. बोगदा बरोबर त्यांच्या खाली, अकरा मीटरवर. नेहमीप्रमाणे हरलो. मावशी म्हणाल्या, क्वांग-साहेब, तुम्ही जमिनीखालीच बरे. छोंगछिंगमध्ये नाश्तासुद्धा मिरचीचा असतो, पण या बाईची जीभ त्याहून तिखट.
संकल्प: रोज सराव.

१४ मार्च
जिंकलो. दोन डाव. मनगट सुधारलंय. खिडकीकडच्या कोपऱ्यातलं पॉकेट मला मानवतं. (सराव मधे चार दिवस राहिला. विश्रांतीचाही उपयोग होतो.)

१७ मार्च
तीन डाव. परत आलो तर शिए लान दारात. जमीन किती खचते ते मोजणं तिचं काम, म्हणून स्वभाव शंकासुराचा. पार्लरसमोरच्या खुणेवर कुणीतरी नूडल्सची गाडी लावलीय, आठवडाभर माप नाही म्हणाली. मी सांगितलं, शेजारच्या दोन खुणांची सरासरी लाव. तर म्हणते, सरासरीवर इमारत उभी राहत नाही. अहवाल उभा राहतो, हे तिला कोण सांगणार.

२० मार्च
चार. खिडकीकडे नुसता ढकलला तरी चेंडू जातो. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. मावशींचं म्हणणं, टेबल कललंय. नाचता येईना अंगण वाकडं.

२४ मार्च
पाच! एक चेंडू तर मी हात लावायच्या आधीच गेला. मोजला. मावशींचं दार चौकटीला घासतंय. हवा दमट आहे.

२६ मार्च
नूडल्सवाल्याने गाडी हलवली. शिए लानने माप घेतलं. ४१ मिलिमीटर. मर्यादा ३०. काम बंद, वरची सात कुटुंबं लॉजवर. मुख्य अभियंता लुआन-साहेबांनी विचारलं, कधीपासून खचतंय? सरासरीमुळे कुणालाच सांगता येईना. मी म्हणालो, इमारत मुळातच जुनी आहे. पटलं त्यांना.
सुटलो.

२७ मार्च
पार्लरच्या भिंतीला तडा. पद्धत बदलल्यानंतरच जमीन खचली असं सिद्ध झालं तर दुरुस्ती आमची. नाहीतर इमारत जुनी, आणि मावशींचं पार्लर कायमचं बंद. चौकशीत मावशी शांतपणे म्हणाल्या, "क्वांग-साहेबांना विचारा. जिंकले की काउंटरवर बसून वहीत तारखेसकट लिहितात. या महिन्याआधी सहा वर्षांत एक डाव नाही जिंकले."
उद्या ही वही हजर करायची आहे.

२८ मार्च, सकाळी ६.३०
संकल्प: १४ ते २४ ही पानं फाडणे.

६.५०
फाडण्यापूर्वी एकदा वाचली. चौदा डाव. जगात याचा दुसरा पुरावा नाही.

७.४०
फाडवेना.

११ मे
वही परत मिळाली. शिए लानने माझ्या डावांवरून आलेख काढला होता, २, ३, ४, ५. खोदाईच्या रोजच्या नोंदींशी तंतोतंत जुळला. म्हणाली, तुम्ही लिहिलेला हा पहिला खरा अहवाल. खोदाई पुन्हा चार तुकड्यांत. खुर्ची दुसऱ्याला. जमिनीत सिमेंट भरून इमारत सावरली, पार्लर उघडलं, टेबल पाणसळीत बसवलं.
दुपारी खेळलो. सात डाव, सातही हरलो. वही खिशातच ठेवून निघालो होतो. मावशींनी काउंटरवरचं पेन पुढे केलं.
"लिहा, साहेब."