सत्तेचाळिसावं पातं

सोमवार, ३ तारीख

पोचलो बुवा एकदाचा. आणि काय थाट! स्टेशनवर गाडी, गेस्ट हाऊसची ऐसपैस खोली, अंघोळीला कढत पाणी. खिडकीतून वीज केंद्राची चिमणी दिसते. धूर नाही, कारण अख्खं यंत्र बंद ठेवून ही मंडळी माझीच वाट बघत बसलीत. बायकोला फोन करून सांगितलं की जावयासारखी बडदास्त आहे. ती म्हणाली, मग जावयासारखे रुसून बसू नका, रविवारी लेकीचा वाढदिवस आहे, त्याआधी घरी या.

इथे वीस-वीस वर्षं टर्बाइनमध्ये हात काळे केलेली माणसं आहेत. पण यंत्र ठणठणीत आहे म्हणून सही हवी ती बाहेरच्या तज्ज्ञाची. पिकतं तिथे विकत नाही, आणि त्यावरच माझी चूल पेटते.

एक गंमत झाली. इथले मोठे साहेब म्हणाले, तुम्हाला काय दाखवायचं, तीन वर्षांपूर्वी येऊन गेलाच आहात. मी मान डोलावली. आता रोजनिशीशी कसलं खोटं बोलायचं? मी इथे जन्मात पाऊल टाकलेलं नाही. तेव्हा कामांची नुसती रीघ लागली होती. घरी चहा पीत फोटो पाहिले, ‘स्वतः आत उतरून तपासले’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सगळेच करतात. आज मात्र कॅन्टीन समजून थेट बॅटऱ्यांच्या खोलीत घुसलो. साहेब म्हणाले, विसरलात वाटतं. मी म्हटलं, वय झालं.

मंगळवार, ४ तारीख

यंत्र देखणं आहे. टर्बाइनच्या शेवटच्या टोकाला, माणूस वाकून जाईल एवढं गोल दार आहे. त्यातून आत गेलं की समोर पात्यांचं भलंमोठं चाक उभं. एकेक पातं माझ्या हातापेक्षा लांब.

दाराशी टेबल मांडून एक बाई बसतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, साहेबसुद्धा. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या वहीत लिहितात आणि दोरीने मनगटाला बांधतात. हातोडी, टॉर्च, चष्मा, सगळं. एक साधा स्क्रू आत राहिला तरी यंत्राचा चुराडा होईल, म्हणून. माणसांसाठी बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला फळ्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. फळा रिकामा झाला की वहिनी दारावर तीनदा ठोकतात, कान लावतात आणि शंभर आकडे मोजतात. आतून उत्तर आलं नाही, तरच दार बंद होतं.

मी म्हटलं, वहिनी, हे तर लपाछपीसारखं झालं. हसल्या नाहीत. माझा चष्मा बांधताना गाठ इतकी आवळली की मनगटावर वळ उठला. मला नऊ नंबरचा बिल्ला दिला. जुना, घासून गुळगुळीत झालेला.

बुधवार, ५ तारीख

आज पाती वाजवली. हे काम बाजारात मडकं वाजवून घेण्यासारखंच. हातोडीने हलकेच टिचकी मारायची. टण् वाजलं तर धड, बद्द वाजलं तर तडा. शेहेचाळीस पाती घंटेसारखी वाजली. सत्तेचाळिसावं बद्द.

पुन्हा मारलं. बद्द. इथल्या जाड्या फिटरला आत बोलावलं. त्याने वाजवलं, म्हणाला, साहेब, हे तर खणखणीत वाजतंय की! यंत्रांनी तपासलं, एक रेघ नाही. हे पातं तीन वर्षांपूर्वीच नवं बसवलंय म्हणे.

तो गेल्यावर मी एकटाच पुन्हा टिचकी मारली. बद्द. आणि चाकाच्या पलीकडून, सावकाश, कोणीतरी उत्तर दिलं. टण्. टण्.

मला वाटलं जाड्या चेष्टा करतोय. बाहेर येऊन पाहिलं तर तो कॅन्टीनला निघून गेलेला. फळ्यावर एकच बिल्ला, माझा. वहिनी म्हणाल्या, आत तुमच्याशिवाय कोणी नाही.

एक गोष्ट आठवतेय आणि ती आठवायला नको आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या फोटोंसोबत इथल्या एका फिटरची चिठ्ठी होती. ‘४७ बद्द वाजतं. मशीन चालू करू नका.’ मी तिच्यावर काट मारून शेरा लिहिला होता, ‘कान हे मोजमापाचं साधन नव्हे.’ वाक्य मला भारी आवडलं होतं. बायकोला वाचूनही दाखवलं होतं.

गुरुवार, ६ तारीख

जाड्याकडून काढून घेतलं. त्या फिटरला सगळे कानसेन म्हणायचे. सळईचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला लावून तो आतलं दुखणं ओळखायचा, आणि कधी चुकायचा नाही. माझी सही आली, यंत्र सुरू झालं. तरी हा सळई लावून तिथेच उभा. सत्तेचाळिसावं पातं तुटलं आणि कवच फोडून बाहेर आलं. तो जागच्या जागी गेला. आताचं नवं पातं त्यानंतर बसवलेलं.

चौकशीत मला पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं की पातं बसवताना फिटरची चूक झाली असावी. झालं, प्रकरण मिटलं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं तेव्हा वाटलं. इथे मात्र लोक त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हणायचे, तुझ्या नवऱ्याच्याच हातची चूक.

ती बायको म्हणजे वहिनी. आणि नऊ नंबर त्याचा होता.

मला काय माहीत होतं? मी काय मुद्दाम केलं? दहा जण न पाहता सह्या करतात, त्यांची पाती तुटत नाहीत. माझंच नशीब फुटकं. राग येतोय नुसता.

शुक्रवार, ७ तारीख

आता सगळंच बद्द वाजतं. चहाचा पेला. दाराची कडी. लेक फोनवर हसली, तेही. आरशासमोर नखाने दातावर वाजवून पाहिलं. बद्द.

साहेबांना सांगितलं की यंत्र सुरू करू नका, सत्तेचाळिसाव्यात तडा आहे. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, माझा कान. ते हसले आणि म्हणाले, अहो, तुम्हीच तर लिहून दिलं होतं, कान हे मोजमापाचं साधन नव्हे. उद्या दुपारपर्यंत सही हवी.

मला इथे बोलावलं तरी कोणी, असंही विचारलं. त्यांना वाटतंय मुख्य कचेरीने, कचेरीला वाटतंय साहेबांनी. माझं नाव सुचवणारं पत्र स्टोअरमधून गेलं होतं. स्टोअरची पत्रं वहिनी टाइप करतात.

शनिवार, ८ तारीख, सकाळ

वहिनींकडे गेलो. सांगितलं की झालं गेलं विसरून जा. त्या म्हणाल्या, मी विसरेन हो, पण त्याला विसरता येत नाही. तो आत आहे. त्याला तुमच्या अक्षरात हवंय, बाकी काही नको.

वेडी बाई.

सही नाही केली तर माझं हसं होईल, पुन्हा कोणी कामाला बोलावणार नाही. केली, आणि पातं तुटलं, तर यंत्राशी सळई लावून, कानसेनच्या जागी, आता जाड्या उभा असेल. त्याला दोन लहान मुली आहेत. शेवटचं एकदा वाजवून बघतो. टण् वाजलं की सही, आणि दुपारच्या गाडीने घर. लेकीचा केक मीच न्यायचाय.

वहिनी म्हणाल्या, ऐकलेलं तिथल्या तिथे लिहा, तोही तसंच करायचा. रोजनिशी त्यांनी वहीत नोंदवली, तिला दोरी बांधली. पण दुसरं टोक मनगटाला नाही बांधलं. लांब दोरी आहे, टोक त्यांच्या हातात. बिल्ला मी स्वतः फळ्यावर अडकवला. दोनदा पाहिला.

आत

वाजवलं. आवाजच नाही. बद्दसुद्धा नाही. हातोडी कापसावर पडल्यासारखी —

ओरडलो. ओठ हलले, कानाला काही नाही. पलीकडून मात्र टण्. टण्. जवळ येतंय, एकेक पातं वाजवत. चाळीस. एकेचाळीस —

खिशात काहीतरी गार लागलं. नऊ नंबर. अडकवला होता हो मी! माझ्या हाताने! म्हणजे बाहेर फळा रिकामा —

दार लोटलं. जाड्याचा आवाज, फळा रिकामा आहे ना वहिनी? वहिनी हो म्हणाल्या. फट उरली आहे. बोटभर. दोरीपुरती.

तीन ठोके.

मारतोय मी उत्तर. हातोडीने, मुठीने, डोक्याने. रक्त आलं. आवाज नाही. मोजताहेत. एकवीस. बावीस. त्यांचा कान फटीला लागलाय, केस दिसताहेत. दिसताहेत मला —

पलीकडून पुन्हा टण्. पातं पंचेचाळीस. शेहेचाळीस. तो थांबला. माझ्या शेजारी. तेलाचा वास. सळईचं टोक माझ्या छातीला टेकलंय. ऐकतोय —

लिहितो. लिहितो बाबा.

मी इथे आलो नव्हतो. आत उतरलो नव्हतो. न पाहता सही केली. त्याचा कान खरा होता. पातं त्याने चुकीचं बसवलं नव्हतं, ते मी माझी कातडी वाचवायला लिहिलं. तो माझ्यामुळे —

नव्व्याण्णव म्हणाल्या. दोरी ताणली. रोजनिशी ओढली जातेय — थांबा, वहिनी, मलाही — खाली अजून सही राहि